चांगुणाबाईच्या डोळ्यातला धूर

हसनाबादला चांगुणाबाईबद्दल कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. हॉटेलात चहा पिणारा सांगेल, गिरणीवर दळणाचा डबा घेऊन उभी असलेली सांगेल, आणि ज्याला स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही तोही कपाळाजवळ बोट गरगर फिरवून दाखवील. गावाचं तिच्याविषयीचं ज्ञान तिथंच संपतं. एकदा बाई वेडी आहे हे कळलं की बाकी काही कळून घ्यायची गरज उरत नाही. शहाण्या माणसांची ही मोठीच सोय आहे.

चांगुणाबाईलाही गावाविषयी फार आदर होता असं नाही. पन्नाशी ओलांडलेली, उंच, काटक बाई. रस्त्यानं जाताना कुणाकडे बघायची नाही, आणि बघितलंच तर असं बघायची की समोरचा आपल्या शर्टाची बटणं चाचपू लागे. तिला वेडी म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरात काय चाललंय हे तिला ठाऊक होतं, आणि त्यातलं ती कधी कुणाला बोलली नाही. बोलायच्या लायकीचं तिला ते वाटलं नाही.

लग्न होऊन ती घनसावंगीकडे गेली होती. दुसऱ्याच वर्षी तिच्या कानात एक माणूस बोलू लागला. ऊठ, बस, हे खाऊ नको, ती तुझ्यावर हसली, विहिरीकडं जा. स्वतः काडी उचलायची नाही आणि दुसऱ्याला दिवसभर हुकूम सोडायचे, म्हणून तिनं त्याचं नाव मुकादम ठेवलं. सासरच्यांनी अंगारे केले, लिंबं उतरवली, एका बाबाकडून तिच्या पाठीवर छड्या मारवल्या, आणि एवढं करून मुकादम हटेना तेव्हा तिची पेटी आणि तिला वडापच्या जीपमध्ये बसवून दिलं. जीपवाल्याला भाडं आगाऊ दिलं होतं, एवढाच काय तो त्या घराचा मोठेपणा.

धाकटा भाऊ रामकिसन तिला जालन्याला डोक्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. ते रामकिसनला आजवर नीट म्हणता आलेलं नाही, पण चारचौघांत म्हणायची हौस मात्र दांडगी. दोन गोळ्या सुरू झाल्या. एक डोक्याची, आणि त्या गोळीनं हात कापायला लागतात म्हणून कापरं थांबवायची दुसरी. त्या गोळ्यांनी मुकादम मेला नाही, पण शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा इतका लांब गेला. बडबड चालू, लक्ष द्यायची सक्ती नाही. चांगुणाबाईनं गोळी कधी चुकवली नाही. पंचवीस वर्षं एखादी गोष्ट न चुकता केलेला दुसरा माणूस त्या घरात शोधून सापडला नसता.

तिला काम मिळालं ते रामकिसननं शेतात जाळी उभारली तेव्हा. आमच्या भागात कंपन्यांसाठी मिरचीचं बी तयार करतात. हिरव्या जाळीच्या मांडवात मिरचीची झाडं असतात, आणि उमलायच्या आदल्या दिवशी कळी चिमट्यानं उघडून तिच्यातला नर काढून टाकायचा असतो. नर म्हणजे पाचसहा निळसर काड्या, तिळाहून बारीक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाची पूड त्या कळीला लावायची आणि खुणेचा लाल दोरा बांधायचा. याला क्रॉसिंग म्हणतात. एखादी काडी आत राहिली तर ती कळी स्वतःचीच पूड घेते आणि बी आईवर जातं. कंपनी नमुना पेरून बघते, आणि त्यात अशी झाडं निघाली की सगळा माल नापास.

बाकीच्या बाया क्रॉसिंग करताना सुनांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत. चांगुणाबाई गप्प. तिच्या कानात मुकादम बोलत असे, आणि त्याचं ऐकायचं नाही म्हणून ती सगळं ध्यान कळीवर ठेवत असे. कंपनीचा सुपरवायझर अंगद मोटरसायकलवर यायचा, तिच्या ओळीतल्या कळ्या उघडून बघायचा आणि पुढं जायचा. इतरांच्या ओळीत तो दहा मिनिटं तणतण करायचा. जाळीच्या आत ती वेडी नव्हती. जाळीच्या आत ती चांगल्या हाताची बाई होती, आणि जगात तिची अशी जागा ती एकच.

मग एका दिवाळीच्या सुमारास डोळ्यांपुढं धूर आला.

आधी तिला वाटलं, चुलीचा असेल. मग वाटलं, कुणी तरी बांधावरचं पाचट पेटवलं असेल. पण धूर घरात, शेतात, देवळात सगळीकडे सोबत येऊ लागला. बल्बभोवती रंगीत कडं दिसायचं. समोरून येणाऱ्या मोटरसायकलच्या उजेडाला काटे फुटायचे आणि एक गाडी दोन होऊन अंगावर यायची. तिनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी भाकरी करणाऱ्या भावजयीला, साधनाला, सरळ सांगितलं.

"साधना, माझ्या डोळ्याम्होरं धूर यायलाय. माणसं पुसट दिसायलीत."

साधनानं भाकरी तव्यावरच ठेवली आणि दारात जाऊन नवऱ्याला हाक मारली. "ऐकलं का? आक्काला दिसायला लागलं."

साधना काही दुष्ट नव्हती. नणंदेच्या डोक्याला तेल लावायची, गोळ्या संपायच्या आत आणवायची. पण वेडाविषयी तिचा अभ्यास मालिका बघून झालेला होता, आणि तिथं वेड्या बाईला धूर दिसला की तीन भागांच्या आत कुणाचा तरी जीव जातो. संध्याकाळपर्यंत घरातले विळे-कोयते उचलून माळ्यावर गेले. भाजी चिरायला दुसऱ्या दिवशी साधनालाच शिडी लावावी लागली.

जालन्याच्या त्याच डॉक्टरकडे गेल्यावर जे झालं ते चांगुणाबाई कधी विसरली नाही. डॉक्टर खुर्चीत, रामकिसन समोर, आणि ती रामकिसनच्या मागं स्टुलावर. डॉक्टरनं विचारलं ते रामकिसनला.

"काय काय दिसतं त्यांना?"

"धूर म्हणती, साहेब. लाइटीला काटे फुटले म्हणती. एकाचे दोन बी दिसायलेत."

चांगुणाबाई स्टुलावरून उठली. "साहेब, माझा मुकादम कानात ऱ्हातो. लई वर्सापासून हाय, मी त्याला वळखते. त्यानं मला आजवर काहीच दाखविलं न्हाई, नुस्ता बोलतो. डोळ्यात त्यानं कधी पाय ठेवला न्हाई. हे दुसरं कायतरी हाय. तुम्ही डोळे बघा."

रामकिसननं डॉक्टरकडे बघून हात जोडल्यासारखे केले. "बघा साहेब. असं बोलून राह्यली."

डॉक्टरनं मान डोलावली आणि लिहायला घेतलं. टेबलावर टॉर्च होती, तिच्या खाली कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली. ती त्यानं उचलली नाही. अख्ख्या पंचवीस वर्षांत त्या खोलीत कुणी बोललं नसेल इतकं शहाणं बोलणं चांगुणाबाई बोलली होती, आणि त्याच बोलण्यावर तिची गोळी दुप्पट झाली. कापऱ्याची गोळीही सोबत वाढली. त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं आणि जवळचं आणखी पुसट होतं, हे त्या शिकलेल्या माणसाला माहीत नसेल असं नाही. पण वेड्या माणसाला बघायला डोळे लागतात, हे त्याच्या मनात आलं नसावं. डोकं त्याच्या वाटणीचं होतं, आणि डोक्याला लागून डोळे असतात ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नव्हती.

आता धूर दाट झाला आणि वर झोप येऊ लागली. पुन्हा धुराचं नाव काढलं तर गोळी तिप्पट होईल हे तिनं ओळखलं. म्हणून ती गप्प बसली आणि जाळीत जात राहिली. इथं तिचं चुकलं, आणि ते तिला स्वतःलाही कळत होतं. नर दिसत नव्हता. ती अंगठ्याच्या नखानं चाचपून काड्या मोजायची, पाच लागल्या की कळी सोडायची, आणि सहावी असली तर असली. दिसत नाही म्हणून उठायचं, तर जाळी सुटली. जाळी सुटली की गावानं बोट फिरवून दाखवलेली बाई तेवढी उरली. त्यापेक्षा ती चाचपत बसली.

अंगद आला तेव्हा त्यानं सवयीनं तिच्या ओळीतली एक कळी उघडली. मग दुसरी. मग तो खाली बसून उघडत गेला.

"ही ओळ कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझी," चांगुणाबाई म्हणाली. "नर राह्यला असंल. मला दिसत न्हाई."

अंगदला तिच्या तोंडून हे ऐकायची सवय नव्हती. तो रामकिसनकडे बघू लागला, आणि रामकिसननं कपाळाजवळ बोट नेलं. सख्ख्या भावानं. तिला धुरातूनही ते बोट दिसलं. असली बोटं दिसायला नजर लागत नाही.

त्या सालचा माल नापास झाला. इतर बायांच्या ओळींत काय काय राहिलं होतं ते कुणी काढलं नाही. वेडी हाताशी असताना दुसरा गुन्हेगार कशाला शोधायचा. रामकिसननं तिच्या हातातला चिमटा घेऊन घरात खुंटीला अडकवला आणि तिला शेळ्या दिल्या. ती शेळ्या घेऊन ओढ्याच्या कडेनं फिरू लागली. दोनदा पडली. लोक म्हणाले, वाढलंय तिचं.

ओढ्याच्या वाटेवर कमरबीचं घर. कमरबी गोधड्या शिवायची. दोघी एका वयाच्या, आणि कमरबीची जीभ इतकी कडू की गावातल्या बाया तिच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नसत. त्यामुळे चांगुणाबाईला ती बरी वाटायची. त्या दिवशी चांगुणाबाई तिच्या दाराच्या दगडाला अडखळून पडली, तेव्हा कमरबीनं सुई ठेवली आणि तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. पंचवीस वर्षांत तिच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारं हे पहिलं माणूस.

"तेरी बाहुली तो दूध जैसी हो गई," कमरबी म्हणाली. "धुवाँ दिखता क्या?"

"तुला काय म्हाईत?"

"मेरेकू बी वैसाच था ना. सुई में धागा नै जाता था. मेरा अदनान जालने को ले गया, मोतीबिंदू निकाला. अब देख, कैसा बारीक टाका डालती मैं."

चांगुणाबाईनं त्या गोधडीच्या टाक्यांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुझ्या धुराला मोतीबिंदू म्हणले. माझ्या धुराला येड म्हणले. धूर तर एकच हाय की."

पुढच्या महिन्यात गावच्या शाळेत कुठल्याशा मंडळाचं नेत्रशिबिर भरलं. मंडप, फेटे, भाषणं, फोटो. डोळे तपासायला उरलेला वेळ. चांगुणाबाई रांगेत उभी राहिली, आणि तिला एकटी सोडायची भीती म्हणून साधनाही. टॉर्च घेतलेल्या पोरसवद्या माणसानं तिची पापणी वर केलीच होती, तोच साधना मागून म्हणाली, "डॉक्टर, त्यांला डोक्याच्या गोळ्या चालू हैत. त्यांला काही बी दिसतं."

टॉर्च विझली. तो माणूस एक पाऊल मागं सरला, जणू वेड पापणीतून उडतं. "यांना मोठ्या दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "ऑपरेशनमध्ये हलल्या-बिलल्या तर आमच्या अंगाशी यायचं." आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मंडपात तेवढ्यात पाहुण्यांना नारळ देणं चालू होतं. चांगुणाबाईनं ते सगळं एकदा बघून घेतलं, जेवढं दिसलं तेवढं. तेवढ्यानंही तिचं समाधान झालं. ही माणसं नीट बघण्यासारखी नव्हतीच.

मोठा दवाखाना म्हणजे जालना, आणि रामकिसनला सवड नव्हती. सवड नसलेला माणूस रोज दोन तास हॉटेलात बसायचा. शेवटी कमरबीच तिला घेऊन बसमध्ये बसली. एमआयडीसीत रोलिंग मिलवर कामाला असलेला तिचा मुलगा अदनान पाळी संपवून स्टँडवर आला. वाटेत कमरबीनं बजावलं, "गोली का नाम नक्को लेना. पूछेंगे तो चूप."

चांगुणाबाईनं ते ऐकून घेतलं. हुकूम ऐकून घ्यायची तिला सवय होती, पाळायची नव्हती.

भिंतीवर त्रिशूळासारख्या खुणांचा तक्ता होता. खुणेची बोटं ज्या बाजूला असतील तिकडे हात दाखवायचा. वरची मोठी खूण तिला जेमतेम दिसली. कानात मुकादम कुजबुजला, उलटं दाखव, ते हसायलेत. तिनं सुलटं दाखवलं. खालच्या ओळीला ती म्हणाली, "दिसत न्हाई." आणखी खालच्या ओळीला, "तिथं काही हाय का?"

तपासणारी डॉक्टरीण म्हातारी होती आणि सकाळपासून माणसं बघून वैतागली होती. तिनं यंत्रातून दोन्ही डोळे बघितले आणि खवळली. "पार पिकलाय की हो. दोन्हीकडे. इतके दिवस काय करत होतात?"

"येडी होते," चांगुणाबाई म्हणाली.

डॉक्टरीण यंत्रामागून बाहेर आली. कमरबीनं चांगुणाबाईला कोपरानं ढोसलं, पण तिनं सगळंच सांगितलं. गोळ्यांची नावं, किती वर्षं, धूर, स्टूल, दुप्पट झालेला डोस. डॉक्टरिणीनं मधे न थांबवता बोलू दिलं, ही त्या बाईची मोठीच मेहेरबानी.

"आत्ता बोलतोय का तो?"

"बोलायलाय."

"काय म्हणतोय?"

"तुम्हाला काही येत न्हाई म्हणतो."

डॉक्टरीण हसली नाही. "त्याला म्हणावं, बघून घे," ती म्हणाली. "गोळ्या बंद करायच्या नाहीत. का वाढवल्या, ते त्या डॉक्टरला पुन्हा विचारायचं, मी फोन करते. आणि ऑपरेशनच्या टेबलावर हलायचं नाही. तो काहीही म्हणो."

हलली नाही. मुकादम डोक्याशी उभा राहून ओरडत होता, ऊठ, पळ, डोळा काढून घेतील. भुलीच्या इंजेक्शनानं डोळा बधिर झाला होता, कान शाबूत होते. चांगुणाबाई लाकडासारखी पडून राहिली. डॉक्टरीण नंतर नर्सला म्हणाली, सकाळपासून सगळ्यात शांत पेशंट हीच. बाकीचे शहाणे होते.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली, आणि चांगुणाबाईला जग मिळालं. ते काही फार भारी नव्हतं. घराच्या भिंती मेणचट झालेल्या. साधना, जी धुरात गोरीपान वाटायची, तिच्या डोळ्यांखाली काळं. रामकिसन केसांना काळं फासत होता आणि मुळाशी पांढरी रेघ दिसत होती. ज्या हॉटेलात बसून लोक तिच्याकडे बोट करायचे, तिथले कप एकाच बादलीत बुडवून पुन्हा पुढं येत होते, आणि तेच कप ते शहाणे ओठाला लावत होते. हे सगळं बघून तिला हसू आलं. मग तिनं स्वतःचे हात बघितले. ते म्हातारे झाले होते, आणि ते होताना तिला दिसले नव्हते. त्याचं तिला रडू आलं, आणि ती रडली.

मिरचीला कळ्या लागल्या तेव्हा तिनं खुंटीवरचा चिमटा काढला, दवाखान्याचा काळा चष्मा कपाळावर चढवला आणि कुणाला न विचारता जाळीत जाऊन बसली. रामकिसन मागून धावला, पण अंगद आत होता आणि त्यानं हातानं थांब म्हटलं. तिनं कळी उघडली. आत सहा निळ्या काड्या होत्या. तिनं सहा काढल्या. अंगदनं कळी घेऊन उन्हाकडे धरली, परत दिली आणि रामकिसनला म्हणाला, "यांना पहिली ओळ द्या."

त्याबरोबर रामकिसन बदलला. आक्काचा हात, आक्काची नजर, असं तो अंगदला मोटरसायकलपर्यंत सांगत गेला. येताना स्वतः तिच्यासाठी चहा घेऊन आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चांगुणाबाईनं चहा घेतला आणि म्हणाली, "डाव्या डोळ्याचं राह्यलंय. डॉक्टरणीनं येत्या महिन्यात बोलविलंय. या टायमाला तू चल. सही घरच्या माणसाची लागती, मागल्या टायमाला लई हुज्जत झाली."

रामकिसननं चहाचा पेला काढून घेतला. तो रागावला नव्हता. अगदी मायेनं बोलला. "आता दुसऱ्याचा काहून नाद करती, आक्का? बराबर दिसायलंय ना? तुला एक डोळा बास झाला की."

साधना दारात उभी होती. तिनंही मान हलवली. खरंच होतं म्हणा. वेड्या बाईला दोन डोळे म्हणजे चैनच.

चांगुणाबाईनं तळहात उचलला आणि उजवा डोळा झाकला. धुरकट डाव्या डोळ्यानं ती भावाकडे बघत राहिली. रामकिसनला ते सहन होईना.

"काय बघायलीस?"

"या डोळ्यानं तू लई चांगला दिसतोस," ती म्हणाली. "अगदी भावासारखा."

मग तिनं हात खाली घेतला, चिमटा पदराच्या टोकाला बांधला आणि सकाळच्या बसची वेळ विचारायला कमरबीच्या घराकडे निघाली.